पत्र्याचा वाघ आणि बिनरंगाची स्प्रिंग

जत्रेतले खेळ विजेवर नाही, हाताच्या जोरावर चालत, त्या काळातली ही एक लाकडी पेटी. दांडा ओढून सोडला की स्प्रिंग चेंडू उडवी, चेंडू पत्र्याच्या वाघाला लागे, वाघ आडवा पडे आणि घंटा वाजे. पुढे पेटी भंगारात गेली. तिथून पोतनीसकाकांनी ती घरी आणली आणि दोन वर्षं खपून दुरुस्त केली.

नव्या रंगाने वाघ फुगला. "आता माझी इज्जत राहील. पूर्वी कुणीही ऐरागैरा मला पाडायचा."

"तू पडायचास म्हणूनच लोक यायचे," स्प्रिंग म्हणाली.

"तू गप्प बस. तुला साधा रंगसुद्धा लावलेला नाही."

खंडेनवमीला काकांनी पाने-पकडींबरोबर पेटीचीही पूजा केली. शेजारच्या सुलभाताईंनी दांड्याला हात घातला, तसे काका ओरडले, "अहो, पूजेतली वस्तू आज वापरायची नसते!"

काकांचा हा 'आज' भलताच दमदार निघाला. पेटीवर काच आली, काचेवर प्लॅस्टिक आलं, दुसरी खंडेनवमी आली, तरी तो काही संपेना.

वाघ उभा राहून राहून कंटाळला. "भंगारात निदान उंदीर तरी मला पाडायचे," तो पुटपुटला. "स्प्रिंगबाई, एकदा चेंडू उडवा ना!"

तेवढ्यात एका पाहुण्याने विचारलं, "चालतं का हो हे?"

"म्हणजे काय! अगदी नव्यासारखं," काका अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर कुणाला हात लावू देत नाही."

आत स्प्रिंगला हसायचं होतं, पण ती केव्हाच गंजून बसली होती.