सोनबाने धरलेली नवरी

माळावरच्या एका गावात सोनबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी मनापासून करायचा, आणि घोटाळा तिथंच व्हायचा.

गावाबाहेर डिश अँटेनाच्या दोन मोठ्या छत्र्या होत्या. दर्यावरच्या जहाजांचे फोन तिथून उपग्रहामार्फत लागायचे. हे उपग्रह बुटके. जमिनीपासून फार वर नाहीत आणि एका जागी थांबत नाहीत. एक आला की दहा मिनिटांत डोंगराआड. बोलणं चालू असतानाच फोन पुढच्या उपग्रहावर न्यायचा, एवढंच सोनबाचं काम. ही नोकरी बघूनच रावजी मोऱ्यांनी आपली लेक चंद्रभागा त्याला देऊ केली होती. सोनबाचा तिच्यावर भारी जीव.

पहिल्याच दिवशी त्याने मावळत्या उपग्रहामागे छत्री फिरवत फिरवत थेट डोंगरावर रोखली. फोन तुटला.

तिथल्या मुख्य उकिडवे मॅडम म्हणाल्या, "मावळणाऱ्याच्या मागे जाऊ नये, सोनबा. खाली कलला की सोडायचा आणि वर येणारा धरायचा."

"बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी रावजी घर बघायला आले. पायाने अधू, म्हणून सोनबाने त्यांचा दंड धरला. उतार लागला, रावजी खाली कलले. सोनबाने त्यांना सोडलं आणि चढ चढून येणारा घोंगडीवाला धरला. घोंगडीवाल्याला घरी चहा-पोहे मिळाले. रावजींना चर मिळाला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, नवा हाताला लागल्याशिवाय जुना सोडायचा नाही. तेवढा वेळ दोन्ही धर."

"बरं मॅडम."

मग रावजींबरोबर सगळे लग्नाच्या बस्त्याला निघाले. फाट्यावर एसटी बदलायची होती. सोनबाने नवीचा दांडा धरला, जुनीचा सोडला नाही. दोन्ही गाड्या सुटल्या. सदऱ्याची एक बाही कराडला गेली, दुसरी विट्याला. मधला सोनबा फाट्यावरच राहिला.

रावजी म्हणाले, "आता एक जरी चूक झाली, तर लग्न मोडलं."

 सोनबा धावत मॅडमकडे गेला.

"नवा पक्का धरला ना," मॅडम सावकाश म्हणाल्या, "की जुन्याला सांगून मोकळं व्हायचं. तुझं काम झालं, जा आता."

सोनबाने तिन्ही गोष्टी घोकून घोकून पाठ केल्या. काही झालं तरी चंद्रभागा हातची जाऊ द्यायची नव्हती.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट दूर झाला. चंद्रभागेने सोनबाला हार घातला आणि त्याचा हार घ्यायला लाजून मान खाली केली.

खाली कलली.

तेवढ्यात तिच्या मागे बसलेली रावजींची सत्तर वर्षांची आत्या, ठकूबाई, हातात राहिलेल्या अक्षता टाकायला वर उठली.

सोनबाने अजिबात घाई केली नाही. डाव्या हाताने चंद्रभागेचं मनगट धरून ठेवलं, उजव्याने ठकूबाईला हार घातला. हार नीट बसला का, हे ओढून बघितलं. मग चंद्रभागेचं मनगट सोडून अदबीने म्हणाला, "तुमचं काम झालं, जा आता."

रावजी ओरडले, "मोडलं लग्न!"

ठकूबाई हार सारखा करत म्हणाली, "मोडलं कसं? माझं तर आत्ता लागलं."