पाटलाची वल्ही जाळणाऱ्या सुनेची कहाणी

ऐका टेकडीच्या आई, तुमची कहाणी. खाडीच्या तोंडाशी एक आटपाट नगर. तिथं कोळ्यांचा पाटील होता. दारी सात होड्या, घरी सात सुना. सहा सुना दर्याकाठच्या, धाकटी पोवळी मात्र घाटाच्या पायथ्याची, सागाच्या रानातली. तिला पोहता येईना, मासळी निवडता येईना. जावा तिला ‘डोंगरकरीण’ म्हणत, नि फिदीफिदी हसत.

एके दिवशी पोवळी टेकडीवर लाकडं मोडायला गेली. तिथं एक म्हातारी भेटली. म्हणाली, “मुली, मुली, तहान लागली.” पोवळीनं जवळचं पाणी दिलं. म्हातारी संतोषली. म्हणाली, “तुला एक वसा देते. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.” पोवळी म्हणाली, “उतणार नाही, मातणार नाही. आई, वसा कधी घ्यावा, कसा करावा?”

“दर्या काळवंडला, पाखरं आत पळाली, की घ्यावा. तांदूळ, मीठ, विस्तव घेऊन उंचावर चढावं. म्हातारंकोतारं आधी न्यावं. पाणी उकळून प्यावं. वाहतं पाणी घोट्याएवढं असलं तरी त्यात पाऊल घालू नये. आणि वारा पडला म्हणून उतरू नये, बाई. पाणी पुरतं ओसरल्यावर उतरावं.” असं म्हणून म्हातारी अदृश्य झाली. ती कोण, ते तुम्ही ओळखलंच.

मग काय झालं? कार्तिकात वादळ उठलं. माड भुईला टेकले. सारं नगर टेकडीवर चढलं. पोवळीनं वशाप्रमाणं तांदूळ, मीठ, विस्तव नेला, वर चूल मांडली. पाटलानं सात वल्ही देवासारखी डोक्यावरून वर आणली. त्या नगराची रीतच तशी. पाटलाचं वल्हं पाण्यात पडल्याखेरीज कुणी होडी ढकलायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. ऊन पडलं. खाडीतून सागाचे ओंडके वाहत आले. आधी हात लावील त्याचा ओंडका, हीही तिथली रीत. झालं, पुरुष कमरा कसून उठले. पोवळीनं मात्र ओंडके ओळखले. साग दर्यात उगवत नाही. तो तिच्या माहेरचा. ज्या पाण्यानं तो उपटला, ते पाणी मागून यायचं होतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं, नवरा हसला. सासूला सांगितलं, सासूनं तोंड फिरवलं. मग सासऱ्यापुढं उभी राहिली. “मामंजी, उतरू नका.”

पाटील कडाडला, “पोहता येत नाही, आणि आम्हाला पाणी शिकवतेस?”

“दर्याचं पाणी तुमचं, मामंजी. हे डोंगराचं आहे. हे मी ओळखते.”

पाटील वल्ह्यांकडे वळला. पण पोवळी आधी पोचली. चुलीवर पाण्याचा हंडा चढलेला होता. तिनं एक वल्हं चुलीत घातलं, दुसरं घातलं, सातही घातली. माशाच्या तेलात मुरलेली वल्ही ती, भडभडा पेटली. बायका किंचाळल्या. नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

पाटील म्हणाला, “तीन घटका बसतो. पाणी आलं नाही, तर आजच माहेरी चालती हो. पुन्हा माझा उंबरा चढायचा नाही.”

“जाईन, मामंजी. मला घालवायला तुम्ही जिवंत असलात, म्हणजे झालं.”

एक घटका गेली, पाणी नाही. दुसरी गेली, पाणी नाही. जावांनी तिचं गाठोडं बांधून पुढ्यात ठेवलं. पोवळी हंड्याखाली जाळ सारीत राहिली. तिसऱ्या घटकेला डोंगर गरजल्यासारखा आवाज आला. खाडी भिंतीएवढी उठली. होड्या गेल्या, घरं गेली, ओंडके गेले. माणूस मात्र एकही गेलं नाही. पोवळीनं उकळलेलं पाणी सगळ्यांना वाटलं, पेज वाढली, पहिला वाडगा सासऱ्याला दिला.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पाणी उतरू लागलं. पाटील उठला. मागं सारं नगर उठलं. तो सुनेपुढं आला. सात होड्यांचा धनी, जन्मात कुणाला विचारून दर्यात गेला नव्हता. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं नि विचारलं, “सूनबाई, उतरू का?”

पोवळीनं खाली पाहिलं. वाटेवर अजून घोट्याएवढं पाणी वाहत होतं.

“अजून नाही, मामंजी.”

पाटील खाली बसला. मागं सारं नगर बसलं.

टेकडीची आई पोवळीला जशी पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. सांगणारीला उंच जागा मिळो, ऐकणारीची चूल कोरडी राहो, आणि ही एवढीशी कहाणी घरोघर सुफळ होवो, संपूर्ण होवो.