मालाची वणवण

पंप बनवणारा एक तरुण कारखानदार होता. श्रीरंग खटावकर त्याचे नाव. मागणी वाढत गेली, तशी कारखान्यातली धावपळही वाढली. पंपाची बिडाची जड केसिंग, म्हणजे बाहेरची आवरणे, ढकलगाडीवर घालून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे न्यावी लागत. मधल्या चौकात या गाड्या एकमेकींना आडव्या येत. तिथेच एके दिवशी दोन गाड्यांची धडक झाली आणि इरप्पा नावाच्या कामगाराचा पाय मध्ये सापडला. पाय वाचला, परंतु त्याची पत्नी निंगव्वा हिने निक्षून सांगितले, "त्या कारखान्यात मी त्यांना पुन्हा पाठवणार नाही."

श्रीरंग फार अस्वस्थ झाला. कामगारांचे कष्ट वाचावेत म्हणून त्याने विजेवर चालणाऱ्या वेगवान गाड्या घ्यायचे ठरवले आणि आपले वृद्ध शिक्षक तांबवेकर सर यांना सल्ल्यासाठी बोलावले. सरांनी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवले होते. त्यांनी सारा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि ते एका रिकाम्या ढकलगाडीवर जाऊन बसले.

"सर, हे काय? लोक बघताहेत."

"बघू देत. आता मी केसिंग आहे. केसिंग जिथं जिथं जातं, तिथं मला ने. आणि गाडी तूच ढकल."

श्रीरंग गाडी ढकलू लागला. कोठारातून लेथकडे, म्हणजे कातकामाच्या यंत्राकडे. लेथवरून धुण्यासाठी परत कोठाराच्या बाजूला. तिथून भोके पाडायला पार पलीकडच्या टोकाला, आणि तपासणीसाठी पुन्हा लेथशेजारी. रंगाची खोली तर आणखी दूर. प्रत्येक वेळी तो चौक ओलांडावाच लागे. एकदा समोरून भरलेली गाडी आली, तेव्हा श्रीरंगने सारा जीव एकवटून आपली गाडी मागे खेचली.

सर सावकाश खाली उतरले.

"श्रीरंग, एवढा फिरलो, पण माझ्यावर काम झालं ते यंत्रापाशी थांबलो तेव्हाच. बाकी सगळी वणवण. जागा मिळेल तशी तू यंत्रं बसवत गेलास, म्हणून तुझी माणसं धावतात. याच वाटेवर वेगवान गाड्या आणल्यास, तर पुढची धडक जास्त जोरात होईल. आधी मालाचं चालणं कमी कर."

श्रीरंग चौकाकडे वळून बघू लागला. मग म्हणाला, "या वाटेनं मी कधी चाललोच नव्हतो, सर. माझ्या खोलीतून गाड्या हळू चालतात एवढंच दिसायचं."

दिवाळीच्या सुट्टीत यंत्रे उचलून कामाच्या क्रमाने एका ओळीत बसवली गेली. एका यंत्रावरून उतरलेले केसिंग फिरत्या रुळांवरून सरकत पुढच्या यंत्रापाशी पोहोचू लागले. चौक मोकळा झाला.

इरप्पा बरा झाल्याचे कळताच श्रीरंग त्याच्या घरी गेला. "वहिनी, एकदा येऊन बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

निंगव्वा नवऱ्यासोबत आली. अपघाताच्या जागेवर उभी राहून तिने चारही बाजूंना पाहिले.

"गाड्या कधी येतात इथं?"

"आता येतच नाहीत," श्रीरंग म्हणाला.

ती तरीही थोडा वेळ थांबली. एकही गाडी आली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू ओसरला. पदराने कपाळ टिपून ती इरप्पाला म्हणाली, "तुम्ही लागा कामाला. डबा दुपारी आणून देते."