कैतानशेठची वेगळी कढई

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? देवाच्या दारात झाडू मारणाऱ्यावर, की त्याच दारात दुकान मांडून "चोर, चोर" ओरडणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

समुद्रकाठी एक कोळ्यांचं गाव होतं. तिथल्या चर्चमध्ये संत ब्लेझचा सण थाटात होई. घशात काटा अडकलेल्या एका पोराला या संताने वाचवलं, अशी कथा. म्हणून सणाला फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला लावत. लोक नवसाचे मेणाचे गळे, हात, पाय वाहत. सण सरला की चर्चचा म्हातारा सेवक इनास ते सगळं वितळवून पुढच्या सणाच्या मेणबत्त्या ओती.

पण अलीकडे त्या मेणबत्त्यांना घाण वास मारू लागला. गळ्याशी आल्या की माणसं नाक मुरडत.

"इनास चांगलं मेण मागच्या दाराने विकतो आणि चरबी घालतो," चर्चसमोर नवसाचे गळे विकणारा कैतानशेठ ज्याला त्याला सांगे.

"अहो, म्हाताऱ्याच्या पोटावर पाय का देता?" त्याची बायको म्हणाली.

"इतका गप्प माणूस सरळ असतो होय? तुला नाही कळायचं!"

यंदा त्याने आपल्या प्रत्येक गळ्याच्या तळाशी मिऱ्याचा दाणा खोचला. सणाच्या दुसऱ्या दिवशी तो चार माणसं घेऊन चर्चच्या अंगणात हजर.

"फादर, मी विकलेल्या आकड्यापेक्षा माझा माल कमी भरला तर या इनासला चर्चच्या खोलीतून आजच काढा."

"मोजा, शेठ," इनास एवढंच म्हणाला. त्या खोलीवाचून त्याला दुसरा आसरा नव्हता.

शेठने दाणे बघून आपला माल निवडला. सगळा जागच्या जागी! कुणीही इथे हात जोडून घरी गेलं असतं. पण संशयाचं पोट कधी भरतं का?

"वितळवताना मारत असेल! माझं मेण वेगळ्या कढईत घाला. माझ्या डोळ्यांसमोर."

इनासने दोन चुली पेटवल्या. बाकी गावाने वाहिलेल्या मेणाचा मधासारखा वास सुटला. शेठच्या कढईतून मात्र असा धूर निघाला, की माणसं पदर नि रुमाल नाकाला लावून मागे सरली. आपण घातलेली चरबी दहाजणांच्या मेणात मिसळली की ती कुणाची हे कळत नाही, हे शेठला पक्कं ठाऊक होतं. इनासला पकडायच्या नादात नेमकं तेच तो विसरला.

"काय हो शेठ," एक मासळीवाली ओरडली, "तुमच्या मधमाश्यांना शिंगं होती का?"

अंगण हसलं. इनास तेवढा हसला नाही. "फादर, या कढईचं काय करू?"

"होड्यांच्या बुडाला फासा," फादर म्हणाले. "आणि शेठ, दुकान आजच उचला."

तात्पर्य: संशयाची चाळण हाती घेतली, तर पहिलं पीठ आपलंच चाळावं.

आणि बाळांनो, एवढं माझं ऐका. पुढे धंदा करा, नोकरी करा, हिशेब ठेवाल तो खरा ठेवा. आपण काय मिसळलं, तेही त्यात लिहा.