शेवटचा ढीग

चीनच्या निंगशिया प्रदेशात हेलान डोंगर वाळवंटाला अडवून उभा आहे. पाऊस जवळजवळ नाहीच. पीत नदीचे पाटाने आणलेले पाणी आणि लख्ख ऊन यांवर पायथ्याची द्राक्षे पिकतात. त्यांच्या वाइनसाठी लांबून लोक येतात. मात्र हिवाळा असा, की उघडा वेल जगत नाही. म्हणून पानगळ झाली की वेल आडवे करून मातीत पुरतात आणि वसंतात उकरून काढतात. फक्त रांगेच्या टोकाचा मातीचा ढीग तसाच ठेवतात. पाहुण्यांनी कारण विचारले, की मळ्यावरचे वृद्ध गाओ आधी म्हणतात, "तुम्ही प्या निवांत. पुरायचं काम आमचं." मग सांगतात.

फार पूर्वी वेल पुरायची रीत नव्हती म्हणे. सू-लान नावाच्या विधवेच्या दारात एकच वेल होता आणि त्याला पाणी घालायची तिची एकुलती एक लेक, आ-थाओ. थंडी पडू लागली तशी आ-थाओ तापाने गेली. पोटच्या गोळ्याला डोंगराच्या पायथ्याशी पुरून सू-लान घरी आली. डोळ्यांत टिपूस नव्हता. कुदळ हातात तशीच होती. दारातला वेल थंडीने काळा पडलेला. मेलाच, असे समजून तिने लेकीसारखेच त्यालाही आडवे निजवले आणि वर माती लोटली. का, ते तिलाही सांगता आले नसते.

वसंतात वाऱ्याने माती उडाली आणि ढिगातून कोंब दिसला. सू-लानने उकरले. वेल जिवंत होता. तिने कुदळ उचलली आणि पायथ्याची वाट धरली. घरातून म्हातारी सासू मागे धावली, तिने सू-लानचा हात धरला.

"सूनबाई, तिथं नको."

"आई, दोघांनाही मीच पुरलं. सारखंच पुरलं."

म्हातारीने हात सोडला नाही. शेवटी ती म्हणाली, "यायचं असेल तर ती आपणहून येईल. आपण उकरायचं नाही."

सू-लानने ते ऐकले. पुढे तिने मळा वाढवला, गाव तिच्याकडून वेल पुरायला शिकले. पण रांगेतला शेवटचा वेल ती कधी उकरत नसे. न उकरता काही वर येते का, एवढेच तिला पाहायचे होते, असे सांगतात.

आजही तो ढीग कोणी उकरत नाही. बहुतेकदा आतला वेल कुजतो. एखाद्या वर्षी मात्र कोंब आपणहून वर येतो. त्या दिवशी मळ्यात कोणी आनंद करत नाही. घरातली एक बाई पायथ्याशी, आ-थाओला पुरले तिथे जाते, बघून येते आणि कामाला लागते.