थांबलेली हलगी

तांबखोरीला अजून गाडीरस्ता नव्हता, नुसती बैलवाट होती, त्या काळातली ही गोष्ट. गावात येसबा नावाचा हलगीवाला होता. जनाईच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं आणि कडेला उभा राहून येसबा हलगी वाजवायचा. तो पैलवानाच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, पायांकडे बघायचा. पाय जसे पडतील तसा त्याचा ठेका पडायचा. डोळे बांधले तरी नुसत्या हलगीवरून कुस्ती कळायची, असं म्हणतात.

येसबाला गुंडू नावाचा धाकटा भाऊ होता. चांगला लढायचा. एका जत्रेत तो डोक्यावर आपटला, उठला, हसला आणि पुन्हा लढायला उतरला. दुसऱ्यांदा पडला तो उठलाच नाही. त्या वेळी हलगी येसबाच वाजवत होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी राणू नावाचा पोरगा गावाचा पैलवान झाला. मिसरूड नुकतं फुटत होतं, पण अंगात वाघ होता. त्या साली शेवटची कुस्ती त्याची आणि डोंगरापलीकडच्या संताजीची ठरली होती. त्याआधी राणूनं एक कुस्ती मारली, पण मारताना स्वतः मैदानाच्या दगडी काठावर डोक्यावर आला. लगेच उठला. लोकांनी फेटे उडवले.

राणू घाम पुसत येसबापाशी आला. "येसबा, माझी कुस्ती कवा हाय?"

"आत्ताच तर मारलीस की!"

"व्हय?" राणू म्हणाला. जरा वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि उन्हाकडं पाठ केली. गुंडूनंही असंच विचारलं होतं.

येसबानं राणूच्या वस्तादांना गाठलं. "वस्ताद, पोराला उतरवू नगा."

"जरा झिणझिणलं असंल," वस्ताद म्हणाले. "माती लागली की हुशार हुईल."

कुस्ती लागली. येसबानं हलगीचं टिपरू उचललं आणि पायांकडे पाहिलं. संताजीचे पाय ठेक्यात पडत होते. राणूचे पाय पाण्यात चालल्यासारखे पडत होते. येसबाचा हात थांबला.

तांबखोरीत हलगीशिवाय कुस्ती होत नसे. दोघं पैलवान जागीच थांबले.

"वाजव!" पाटील ओरडले.

"न्हाई वाजवत, पाटील. वाटलं तर गावातनं काढा मला. ह्यो पोरगा आता पडला तर उठायचा न्हाई."

पाटलांनी हलगी ओढून दुसऱ्याच्या हातात दिली. त्यानं जीव खाऊन टिपरू मारलं, तर ओल्या घोंगडीवर मारल्यासारखा आवाज आला. मग शेजारच्या गावांच्या हलग्या आणल्या. त्याही मुक्या झाल्या. कातडं ताणावं म्हणून जाळावर शेकल्या तरी एकीतूनही नाद फुटला नाही, असं म्हणतात.

तेव्हा संताजी पुढे झाला. त्यानं राणूची हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं आणि हात खाली टाकले. "ह्येला मी दिसतच न्हाई. आंधळ्या माणसाशी मी लढत न्हाई."

"मी हरलो न्हाई!" राणू रडायला लागला. रडता रडता त्याला भडाभडा उलटी झाली. आता वस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी पोराला स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

येसबा सोबत चालत होता. "कुस्ती फुडल्या जत्रंला बी हाय, लेकरा," तो म्हणाला. "डोकं येकच हाय."

राणूला अंधाऱ्या खोलीत निजवलं. उजेड त्याच्या डोळ्यांत टोचायचा, भांडं वाजलं तरी कळ यायची. म्हणून येसबानं हलगी खुंटीला टांगली. लग्नाच्या वराती बिनवाजंत्रीच्या गेल्या, बायकांनी जात्यावरची ओवी कुजबुजत म्हटली. गावातले कोंबडेसुद्धा त्या दिवसांत आरवले नाहीत, असं म्हणतात.

मग एका सकाळी राणू येसबाच्या दारात आला. "वाजव," म्हणाला. येसबानं हलकेच ठेका धरला. राणू अंगणात चालला, मग धावला, मग बैठका मारायला लागला. पाऊल कुठे चुकलं नाही. येसबानं डोळे पुसले आणि टिपरू असं मारलं, की डोंगरापलीकडे संताजीनं हातातली भाकरी खाली ठेवली.

पुढच्या जत्रेला दोघं लढले. कोण जिंकलं यावर दोन्ही गावांचं अजून एकमत नाही.

आता तांबखोरीत पोरी कबड्डी खेळतात, पोरं क्रिकेट खेळतात. कुणी डोक्यावर पडलं, की बघणाऱ्यांतून हाक उठते, "येसबा!" त्या हाकेवर खेळ थांबतो, पडलेल्याला दवाखान्यात नेतात, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला कुणी खेळायला बोलवत नाही. बाहेर न्यायला हात धरतो तो समोरच्या संघाचा खेळाडू. परवाच्या सामन्यात गावची कप्तान वैजू पडली. "मी बरी हाय, सोडा मला!" ती ओरडत होती. पाहुण्या संघाच्या पोरीनं तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "चल गं. तू नसताना जिंकून काय करू?"