घट्ट चावीचा हेवा

रुळांखाली लोखंडी स्लीपर असायचे, त्या काळची ही गोष्ट. रूळ स्लीपरला धरून राहावा म्हणून पाचरीसारखी चावी ठोकलेली असे, आणि गेनबा चावीवाला खांद्यावर हातोडा टाकून, गाणं गुणगुणत रोज लाइन चालायचा. चावी सैल दिसली की थांबायचा, घट्ट असली की पुढे.

पुलाजवळची एक चावी बसवल्या दिवसापासून घट्ट होती. तिची शेजारीण मात्र सारखी ढिली व्हायची. गेनबा तिच्यापाशी उकिडवा बसायचा, "काय गं, आज परत?" म्हणायचा आणि ठोकायचा. ते बघून घट्ट चावीचा नुसता जळफळाट व्हायचा.

"रूळ मी इमानानं धरायचा, आणि लाड हिचे!"

"लाड कसले बाई, घाव आहेत ते," शेजारीण म्हणाली.

"घाव का असेनात! माझ्याकडे तर तो ढुंकूनही बघत नाही."

एकदा मालगाडी धडधडत गेली, तेव्हा घट्ट चावीनं मुद्दाम अंग सैल सोडलं आणि ती खडीत जाऊन पडली. गेनबा आला. त्याचं गाणं तिथंच थांबलं. त्यानं तिला उचललं, जागेवर ठोकून बसवलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"तुझ्या भरवशावर तर मी गात जात होतो गं," तो म्हणाला.

त्यानंतर ती कधीच हलली नाही. तरी गेनबा रोज तिच्यापाशी थांबायचा, वाकायचा, हातोडा लावून बघायचा.

त्याचं गाणं मात्र आता पुलाच्या बरंच अलीकडे बंद व्हायचं.